खिशातला हात

बुटाच्या खिळ्याला कापसाचा पुंजका गुंडाळला होता—पॉवरलूमचा, करडा, ओला—आणि तो नखाने उकरता उकरता सादिकच्या लक्षात आलं की आपण मघापासून एकच बूट धरून बसलोय, दुसरा तसाच चिखलाने भरलेला उंबऱ्यावर आडवा पडलाय. बूट त्याचेच. म्हणजे एकेकाळी त्याचे... गोव्यातल्या फुटबॉलच्या शेवटच्या मोसमातले, मोच्याने दोनदा तळ शिवलेले. आता ते मुदस्सिर घालतो, पुढे चिंधीचा बोळा कोंबून. कप्तानाच्या पायाला मापाचे बूट नाहीत, अशी ही टीम, आणि सादिक तिचा कोच.

शुक्रवार होता. भिवंडीच्या नारपोलीतले लूम बंद. इतर दिवशी ज्या आवाजाखाली माणूस स्वतःशीही ओरडून बोलतो तो आवाज आज नव्हता, आणि सादिकला ही शांतता कधी सोसलीच नाही. तिच्यात नको ते विचार ऐकू येतात. आत त्याची बायको रशिदा भाकरी थापत होती. मितेशभाऊंचा फोन येऊन गेला, तिने सांगितलं, संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. एवढंच. तुम्ही काय ठरवलं, असं तिने विचारलं नाही. बारा वर्षं ती हे विचारत नाहीये, आणि न विचारण्याचा तिचा तो ठोका त्याला भाकरीच्या ठोक्याहून वेगळा ऐकू येतो.

मितेश राहनाळचा. शाळेच्या टीममध्ये उजवीकडून पळायचा, पळायचा म्हणजे धापा टाकायचा. बापाच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली आणि मितेशला पुन्हा कधी पळावं लागलं नाही. काल्हेरच्या गोदामात सुपरवायझर हवा होता. “तू ये रं सादिक,” तो म्हणाला होता, “खुर्ची हाय, पंखा हाय. तुला कोन काय बोलनार न्हाय.” चांगल्या मनाने म्हणाला होता. तेच लागलं. कुणी काही बोलणार नाही अशी जागा मिळणं हीच आता बढती.

मग हो म्हणायला काय झालं? काही नाही. सोडता येत नाही, एवढंच. सादिक आजवर कुठल्याच मैदानावरून आपण होऊन बाहेर आला नव्हता. इंडियाच्या कॅम्पमधून त्याला परत पाठवलं, गोव्यातून गुडघ्याने काढलं, मुंबईच्या क्लबाने नुसतं बोलावणंच बंद केलं—दर वेळी दुसऱ्या कुणीतरी ठरवलं. भिवंडीत मात्र अजून तो ‘इंडिया कॅम्पवाला’. वासरांत लंगडी गाय शहाणी. आणि ही गाय तर खरोखरच लंगडते.

आजच्या सामन्यात बरोबरी पुरे होती. हरलो तर जिल्हा लीगच्या या गटातून बाहेर, आणि याच्या खाली गटच नाही. टीम संपली. जर्सीचे पैसे देणाऱ्या लूमवाल्या शेठने आधीच सांगून ठेवलं होतं, लीगमध्ये नसलेल्या टीमला जर्सी कशाला. टीम संपली तर सादिकने सोडली असं कुणी म्हणणार नाही... हा विचार नेमका कुठून आला? बूट घासता घासता आला. सादिकने तो चिखलाबरोबर नाल्यात झटकला आणि दुसरा बूट उचलला.

मैदान काल्हेरला, गोदामांच्या मागे. पोरं आली, त्यातली निम्मी रात्रपाळी करून थेट. ही सगळी लूमवरची पोरं. पंचविशीत कान गेलेले. पंचाची शिट्टी वाऱ्यावर असली तर चौघांना ऐकूच येत नाही. म्हणून सादिकने लूमच्याच खुणा मैदानात आणल्या होत्या. त्याचं डोकं सगळ्यात जास्त कुठे चाललं असेल तर ते इथे. पंजा वर म्हणजे बंद. मूठ हवेत गोल फिरवली म्हणजे चालू ठेव. शिट्टी वाजली की नाही कळलं नाही तर माझ्याकडे बघा, मी सांगेन. दुसऱ्या टीमवाले ‘मुक्यांची टीम’ म्हणून हसायचे. हसू देत, हीच टीम दोन वर्षं या गटात टिकली होती.

खुणा वडिलांच्या. वडील जॉबर होते, बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. सादिक टीव्हीवर पहिल्यांदा खेळला त्या दुपारी ते कारखान्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी पंजा वर केला... एकामागून एक सगळे लूम थांबले. शुक्रवार नसताना. माणसं शेठच्या केबिनमधल्या टीव्हीसमोर जमली आणि शेठसुद्धा काही बोलला नाही. मी त्या दिवशी चांगला खेळलो होतो. खरंच चांगला. पंजा वर करावा असा.

शेवटची काही मिनिटं. शून्य-शून्य. समोर कॉलेजची पोरं, झोपून आलेली, न्याहारी करून आलेली. त्यांच्या एकाने लांब चेंडू मारला, त्यांचा पुढचा गडी मुदस्सिरच्या खांद्यावरून निसटला, आणि मुदस्सिरने ऑफसाइड मागायला हात वर केला.

पंजा वर.

बचावातले बाकीचे तिघे थांबले. थकले म्हणून नव्हे, लूमवर दिवसाचे बारा तास तेच करतात म्हणून—पंजा दिसला की हात थांबतात, तिथे विचार येतच नाही. सादिकने शंभरदा बजावलं होतं, हात वर करायचा नाही, पळत राहायचं. पण सवय ती सवय. ऑफसाइड नव्हता. सादिक मैदानाबाहेर नेमका त्याच रेषेत उभा होता, त्याला स्वच्छ दिसलं. शिट्टी वाजली नव्हती. आणि मुदस्सिरने, हात तसाच वर ठेवून, त्याच्याकडे पाहिलं—शिकवल्याप्रमाणे, विश्वासाने. मूठ फिरवायची होती. एकदाच. वेळ होता, तो गडी अजून पेनल्टी बॉक्सच्या बाहेर होता, चेंडू पायात नीट आलाही नव्हता, मुदस्सिरचे पाय असे की त्याने गाठलं असतं...

हात खिशात होता.

गोल झाला. नंतर थोडा वेळ खेळ चालला, पण तो कुणाला आठवण्यासारखा नव्हता.

मुदस्सिर रेषेपाशी येऊन बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. कान जवळ आणून, लूमवाल्यांच्या मोठ्या आवाजात त्याने विचारलं, “सर, ऑफसाइड था ना? आपने तो देखा.”

“था,” सादिक म्हणाला.

मुदस्सिरचा चेहरा सैल झाला. आपली चूक नव्हती म्हणजे. त्याने पंचाला एक शिवी घातली, बूट एकमेकांवर आपटून माती झाडली, बोळे काढून खिशात ठेवले आणि बूट सादिकच्या पायाशी जोडीने मांडले. “लीग में फिर घुसेंगे, सर. आप हो तो हो जाएगा.” मग बोलणं पुरेसं नसल्यासारखी त्याने मूठ वर केली आणि हवेत गोल फिरवली, भुवया उंचावून. चालू?

सादिकने मान हलवली. हो अशी, नाही अशी, कशीही वाचता येईल इतपत. पोरगा समाधानाने अनवाणीच नळाकडे गेला.

खिशात फोन थरथरू लागला. मितेश असणार. सादिकने तो काढला नाही. त्याला हलकं वाटत होतं, हे कबूल करायलाच हवं होतं, बारा वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं. सुचलंच नाही, तो स्वतःला समजावू लागला. वय झालं, हात वेळेवर निघाला नाही, गुडघा गेला तसाच हातही गेला असेल. माणसाचं होतं असं. रशिदाला असंच सांगता येईल, आणि ती विचारणारही नाही.

फोन बोटांच्या सांध्यांवर आपटत होता, तळहाताला लागत नव्हता. तेव्हा त्याला कळलं की खिशातला हात, तो गडी निसटला तेव्हापासून, मूठ वळूनच आहे.