नाकावरचे कुंकू आणि पंधरा सेकंद

मित्रांनो, माझ्या दारावरचे ओरखडे पाहून हसू नका. मी एक जुनी विजेची गाडी आहे. वय अवघे चार वर्षे, पण आम्हा विजेच्या गाड्यांना म्हातारपण लवकर येते. मुक्काम विद्यानगर, मालक अंबाजीराव. माझ्या नाकावर काळी चौकोनी पट्टी आहे आणि तिच्यामागे माझा डोळा. पुढची गाडी हलली की तो लगेच पाहतो, आणि मी आपोआप तिच्यामागे निघते. माणसांसारखी जांभया देत बसत नाही.

नवी होते तेव्हा माझे कोण कौतुक! पुढे शेजारी चकचकीत गाड्या आल्या आणि मला कुणी विचारीना. अपवाद एकच, अंबाजीरावांची मुलगी त्रिवेणी. एका हिरव्या दिव्यात किती गाड्या सुटतात, हा तिचा दोन वर्षांचा अभ्यास. पंधरा सेकंदांत माणसांनी चालवलेल्या सात सुटतात; आमच्यासारख्या जास्त सुटतील, असे तिचे म्हणणे. तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावले होते, मैदानावरच्या आजच्या चाचणीत आकडा वाढला नाही तर विषय बदलावा लागेल.

ओळखीच्यांकडून मागून आणलेल्या माझ्यासारख्या नऊ गाड्या आणि मी, अशी दहा जणींची रांग लागली. मी चौथी. दिवा हिरवा झाला, पुढच्या तिघी निघाल्या, आणि मला काही दिसेचना! अंबाजीरावांनी गडबडून स्वतः मला हाकले, तोवर वेळ गेली. सहाच सुटल्या. त्रिवेणीचा चेहरा पडला आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ती धावत येऊन माझ्या नाकाशी वाकली. पट्टीवर हळदीकुंकवाचा जाड लेप होता. लेकीला यश मिळावे म्हणून मालनबाईंनी सकाळी मनोभावे माझी पूजा केली होती.

"आई, तू हिचा डोळाच झाकलास की गं."

"मला काय मालूम, नाकात डोळा असतो म्हणून?" मालनबाई म्हणाल्या. त्यांनी पदर ओला करून पट्टी लख्ख पुसली आणि कुंकवाचे बोट बोनेटवर टेकवले.

पुन्हा हिरवा दिवा लागला. तिसरी हलली, मी हलले, पाचवी हलली. दहाच्या दहा सुटल्या! सरांनी घड्याळ दोनदा पाहिले आणि म्हणाले, "विषय हाच ठेव."

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण डोळा उघडा ठेवा. मी एकटी अडले तर माझ्यामागे सहा जणी अडतात. आता मालनबाई रोज सकाळी आधी माझा डोळा पुसतात, मग कुंकू लावतात. शेजारच्या चकचकीत गाड्या नुसत्या बघत राहतात.