रिठा गेला डोळ्यात

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. सध्या खामगावात विमलबाईंच्या स्वयंपाकघरात, शेगडीमागच्या खिळ्याला टांगलेली असते. आतून काळी, बाहेरून त्याहून काळी. माझ्यात कधी भाजी शिजली नाही की भजी तळली गेली नाहीत. मी डोकी धुण्याची कढई. हसू नका. ज्यांची डोकी मी धुतली, त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्यांच्या नवऱ्यांपेक्षा मला जास्त ठाऊक होतं.

जळगाव जामोदच्या एका लोहाराने मला ठोकून घडवलं. मंजुळाबाई लग्न होऊन निघाली तेव्हा तिच्या आईने मला रिठ्यांनी काठोकाठ भरलं, वर फडकं बांधलं आणि गाडीत ठेवलं. सासर होतं पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरीचं पाणी असं, की त्यात डाळही शिजायला नाही म्हणते. पण रिठ्याला त्या पाण्याचं काही वाटत नाही. संध्याकाळी बिया काढून टरफलं भिजत घालायची, मूठभर शिकेकाई, चार आवळकाठ्या टाकायच्या, सकाळी उकळून, कुस्करून, फडक्याने गाळायचं. फेस असा येई की शेजारच्या गोजरबाई गंज, म्हणजे मोठं पातेलं, घेऊन दारात हजर.

“थोडंसंच दे वो, माय. माह्यं डोकं लहान हाये.”

“डोकं लहान, पन गंज केवढा आनला!” मंजुळाबाई म्हणे, आणि तरी भरून देई.

गोजरबाईंनी आयुष्यभरात माझ्यातून किती नेलं आणि बदल्यात स्तुती किती केली, याचा मेळ मला अजून लागलेला नाही.

रिठे दर भाऊबीजेला यायचे. मंजुळाबाईचा धाकटा भाऊ निवृत्ती सातपुड्याच्या पायथ्याहून बैलगाडीने यायचा. त्यांच्या बांधावर रिठ्याचं झाड होतं. तो पोतं माझ्याजवळ ठेवायचा, मंजुळाबाई त्यात हात घालायची आणि रिठे नुसतेच वरखाली करत राहायची. मला वाटे, ही मोजते आहे. नंतर कळलं, ती वास घेत होती.

एक गुपित तुम्हाला सांगते. रिठा डोळ्यात गेला की फार झोंबतो. सासुरवाशिणीला यासारखी सोय नाही. डोळे लाल दिसले की सासू विचारणार, “काऊन वं, रडून राह्यली का?” आणि ही म्हणणार, “नाही जी, रिठा गेला डोळ्यात.” कित्येकदा मी अजून चुलीवरही चढलेली नसे, आणि हिच्या डोळ्यात रिठा गेलेला असे! मी गप्प राहायची. कढईने चुगल्या करू नयेत.

मग मंजुळाबाईच्या लेकीचं, विमलचं लग्न निघालं. मुलीच्या लग्नात पहिलं पागोटं मामाला बांधायचं, ही आमच्याकडची रीत. पण विमलचे वडील अर्जुनराव. त्यांचा कापूस खामगावच्या अडत्याकडे जायचा, आणि तो अडत्या मांडवात शिरला तशी यांची कंबर आपोआप वाकली. पहिलं पागोटं त्याच्या डोक्यावर गेलं. निवृत्ती हातात अक्षता घेऊन उभा होता. त्याने त्या टाकल्या, भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि न जेवता गाडी जुंपली. मंजुळाबाई मागे धावली नाही. वऱ्हाडी मंडळी बसली होती ना! ती आत आली आणि माझ्या कडीला धरून उभी राहिली.

पुढच्या भाऊबीजेला ताट केलं, रांगोळी काढली, वाट पाहिली. कोणी आलं नाही. पोत्यातले रिठे संपले.

“रिठ्यासाठी आता त्याच्या दारी जाऊ का मी?” अर्जुनराव म्हणाले, आणि खामगावहून वासाच्या साबणाच्या वड्या घेऊन आले. वरच्या कागदावर गोऱ्या बाईचं चित्र. “हे घे. साहेबाच्या मड्डमा यानंच न्हातात.”

ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्या पाण्यात साबण काय करणार? त्याचा नुसता चोथा झाला. मंजुळाबाईच्या गुडघ्यापर्यंतच्या केसांची जट होऊ लागली. अर्जुनरावांनी हट्टाने स्वतःही डोकं धुतलं. त्यांची शेंडी बैलाच्या शेपटासारखी चिकटून बसली, तरी म्हणतात कसे, “वास तं चांगला येते.”

गोजरबाई आल्याच. “काऊन जी भाऊ, शेंडीले डिंक लावला का?”

त्या दिवसांत मला गोठ्यात ठेवलं. माझ्यात कडबा पसरून कोंबडी अंड्यांवर बसवली. मित्रांनो, कोंबडीबद्दल माझी तक्रार नाही, ऊब ती चांगली देते. पण मला त्या हातांची सवय होती. कुस्करणारे, फेसाने भरलेले, बांगड्या वर सारलेले हात. अंगावर गंज चढत होता, आणि पाण्याचा आवाज आला की मी कान द्यायची.

लग्नानंतरची तिसरी दिवाळी जवळ आली. एका सकाळी मंजुळाबाई अंगणात फणी घेऊन बसली होती. फणीत केसांचा गुंता आला, केवढा तरी. ती त्याच्याकडे पाहत राहिली. अर्जुनराव बैलांना पाणी पाजायला आले.

“काय झालं वं? डोळे काऊन लाल?”

“काही नाही जी,” ती सवयीने बोलून गेली, “रिठा गेला डोळ्यात.”

अर्जुनराव थांबले. घरात दोन वर्षांत रिठ्याचं टरफलही नव्हतं. या माणसाला कापसाचा भाव चटकन कळे, बाकीच्या गोष्टींना जरा उशीर लागे. पण त्या दिवशी कळलं. त्यांनी बैलांना पाणी पाजलं, तसंच त्यांना गाडीला जुंपलं, आणि कुठे चाललो ते सांगितलं नाही.

भाऊबीजेच्या दिवशी गाडी परत आली. आधी पोतं उतरलं. मग निवृत्ती उतरला, डोक्यावर कोरं करकरीत गुलाबी पागोटं, जरा वाकडं बांधलेलं. वाकडं होतं म्हणूनच ओळखू आलं, ते अर्जुनरावांनी स्वतःच्या हाताने बांधलं होतं.

मंजुळाबाई गोठ्यात आली, कोंबडीला हुसकावलं, मला राखेने घासलं, तेलाचं बोट फिरवलं. पोत्याचं तोंड सोडून मूठभर रिठे माझ्यात टाकले. खण्ण वाजलं. दोन वर्षांनी मी माझा आवाज ऐकला.

“बाई,” निवृत्ती दारातून म्हणाला, “काऊन रडून राह्यली?”

“रडत कुठं हाये? रिठा गेला डोळ्यात.”

निवृत्तीने माझ्यात वाकून पाहिलं. रिठे कोरडे होते, बियाही काढलेल्या नव्हत्या. तो काही बोलणार, तेवढ्यात अर्जुनराव मागून म्हणाले, “हाव भाऊ. यंदाचा रिठा लय जहाल हाये.” आणि ते बैल सोडायच्या निमित्ताने वळले.

आता मंजुळाबाई नाही. तिच्यामागे विमलबाईंनी मला इथे आणलं. खामगावात पाणी गोडं आहे, साबणाला फेस येतो, त्यामुळे माझं काही अडत नाही कोणाला. पण परवा न्हाऊन आल्यावर विमलबाई माझ्यासमोर थांबल्या. माझ्या आत बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं. डोळे लाल होते. साबण गेला असेल.

मित्रांनो, तुमच्या घरी खिळ्याला माझ्यासारखं कोणी टांगलेलं असेल तर तेलाचं एक बोट फिरवत जा. आणि कोणी म्हणालं, रिठा गेला डोळ्यात, तर हो म्हणा. मग गुपचूप गाडी जुंपा.