ऑफिसचंच खरं

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत अडतीस मिस्त्री होते आणि अडतीस जणांच्या अडतीस वह्या. कुणाची तेलाने माखलेली, कुणाची पावसात भिजून फुगलेली, कुणाच्या वहीत मधल्या पानावर किराणाची यादी. पण कुठल्या इमारतीतल्या लिफ्टला काय दुखतंय, ते त्या वह्यांतच लिहिलेलं असायचं. एके वर्षी साहेबांनी वह्या बंद केल्या. प्रत्येकाच्या हातात तळहाताएवढं यंत्र द्यायचं, त्याच्या पडद्यावर काडीने लिहायचं, संध्याकाळी ऑफिसात येऊन ते टेबलावरच्या खोबणीत बसवायचं, की दिवसभराचं काम आपोआप कॉम्प्युटरात. या यंत्रांचा प्रोग्राम लिहायला, ती वाटायला, सांभाळायला आणि बिघडली की बोलणी खायला एका मुलीला नेमलं. मुलगी कसली, तिशी ओलांडलेली, एका लेकीची आई; पण निम्म्या मिस्त्र्यांच्या लेखी ती पोरच होती.

मिस्त्र्यांनी पहिल्याच दिवशी यंत्राला ‘पाटी’ म्हणायला सुरुवात केली आणि तिला ‘पाटीवाल्या ताई’. पाटी म्हणजे मोठं नाजूक प्रकरण. तिची बॅटरी पार उतरली की आत लिहिलेलं सगळं पुसलं जायचं. मग सकाळी दारात कुणीतरी उभा असायचाच, “ताई, आमची कोरी करकरीत. शाळेत होतो तेव्हा पण अशीच असायची.”

या सगळ्यांत वयाने थोर होते ते मोठे मिस्त्री. एकतीस वर्षं नोकरी झालेली. सगळ्यांना वाटलं होतं, हेच अडून बसतील. पण झालं उलटंच. जेवणाच्या सुट्टीत ते तिच्या खोलीत येऊन बसायचे आणि जीभ दातांत धरून काडीने अक्षरं गिरवायचे. “आमच्या मास्तरांनीसुद्धा एवढा घाम काढला नव्हता, ताई,” म्हणायचे. वह्या जमा करायचा दिवस आला तेव्हा त्यांनी आपली वही स्वतः आणून तिच्या टेबलावर ठेवली. तिने ती बाकीच्या वह्यांबरोबर खोक्यात टाकली आणि महिन्याभराने खोकं रद्दीत गेलं.

सुरुवातीच्या दिवसांत एक अडचण आली होती. एकाच लिफ्टची नोंद मिस्त्रीने पाटीवर बदलली आणि त्याच दिवशी ऑफिसातल्या कारकुनानेही कॉम्प्युटरवर बदलली, तर दोन्हींतली कुठली ठेवायची? तिने साहेबांना विचारलं. साहेब फोनवर होते. हात रिसीव्हरवर ठेवून म्हणाले, “त्यात विचारायचं काय? ऑफिसचंच खरं.” तिने तसा नियम लिहून टाकला. शेजारी स्वतःसाठी टिपण केलं, ‘नंतर दोन्ही नोंदी दाखवणे.’ पण रोजच कुणाची ना कुणाची पाटी कोरी व्हायची, आणि ते ‘नंतर’ काही उजाडलं नाही.

दीड वर्ष सुरळीत गेलं. मग एका मंगळवारी मोठे मिस्त्री एका पाच मजली इमारतीत तपासणीला गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या दाराचं लॉक निकामी झालं होतं. लिफ्ट समोर नसतानाही दार ओढलं की उघडत होतं. त्यांनी लिफ्टचा स्विच बंद केला, ‘लिफ्ट बंद आहे’ची पाटी लटकवली, खरीखुरी पत्र्याची, आणि हातातल्या पाटीवर लिहिलं की लॉक निकामी, नवीन बसेपर्यंत लिफ्ट चालू करू नये. संध्याकाळी यंत्र खोबणीत बसवून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीतून ऑफिसला फोन आला, “लिफ्ट अजून बंदच का?” कारकुनाने कॉम्प्युटर पाहिला. कालची तपासणी झालेली, शेरा ‘ठीक’. तो म्हणाला, “तुमची लिफ्ट ठणठणीत आहे. स्विच चालू करायला विसरले असतील आमचे मिस्त्री. करा चालू.” पहारेकऱ्याने पत्र्याची पाटी काढली आणि स्विच वर केला. दुपारी चारला तिसऱ्या मजल्यावरची आया घरी निघाली. एका आजारी म्हातारीची ती देखभाल करायची. हातात पिशवी, चेहरा मागे वळवून म्हातारीच्या सुनेशी बोलत होती. बोलता बोलताच दार ओढलं आणि पाऊल टाकलं. खाली लिफ्ट नव्हती. बाई चव्वेचाळीस वर्षांची होती. मागे दोन मुली आणि नवरा.

चौकशीला सरकारी निरीक्षक आले. मोठे मिस्त्री ताठ बसले होते. “मी लिहिलं होतं,” म्हणाले. “लॉक निकामी, चालू करू नये. स्वतःच्या हाताने लिहिलं.”

निरीक्षकांनी तिला बोलावलं. “हे यंत्र आपणहून काही विसरतं का?”

तिने त्या यंत्राची तपासणी आधीच केली होती. बॅटरी भरलेली, पडदा चांगला. त्या संध्याकाळच्या बाकीच्या सगळ्या नोंदी, इतरांच्या आणि खुद्द त्यांच्याही, जिथल्या तिथे आल्या होत्या. ती खोटं बोलली नाही. तिला जे माहीत होतं तेच बोलली.

“नाही सर. लिहिलं असतं तर आलं असतं.”

मोठ्या मिस्त्र्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. फळ्यावरचं उत्तर आणि आपलं उत्तर जुळत नाही म्हणून एखादं मूल फळ्याकडे बघतं, तसं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “लिहिलं असावं.” तिसऱ्या दिवशी म्हणाले, “आता खात्रीने नाही सांगता येत.” चौथ्या दिवशी त्यांनी कागदावर सही केली की लिहायचं राहून गेलं. त्यांना कामावरून काढून घरी बसवलं, पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. त्यांची पाटी तिच्या कपाटात परत आली आणि पडून पडून कोरी झाली.

त्या मंगळवारला ब्याऐंशी दिवस झाले. मग ठेंगणा मिस्त्री तिच्या खोलीत आला. कधी तक्रार न करणारा माणूस, म्हणून तिने हातातलं काम ठेवलं.

“ताई, मी काल ‘दोर बदलला’ लिहिलं होतं. कॉम्प्युटर म्हणतो बदलला नाही. आता परत बदलू का? एका लिफ्टला दोन-दोन दोर घालू?”

ती हसली. मग त्या लिफ्टची नोंद उघडून पाहिली. काल दुपारी कारकुनाने तिथे इमारतीचा पत्ता सुधारला होता. तिने एक रिकामी पाटी काढली, खोटी नोंद लिहिली, कॉम्प्युटरवर त्याच नोंदीत एक फोन नंबर बदलला आणि पाटी खोबणीत बसवली. पाटीवरचं गेलं. पत्ता असो की फोन नंबर, एक आकडा जरी ऑफिसात बदलला तरी मिस्त्रीने लिहिलेलं अख्खंच्या अख्खं पुसून ऑफिसची जुनी नोंद तिथे बसत होती, मागच्या महिन्याच्या ‘ठीक’सकट. तपासणीची तारीख तेवढी वेगळ्या यादीत जायची, म्हणून तपासणी मात्र झालेली दिसायची. तिने पुन्हा करून पाहिलं. मग तिसऱ्यांदा. तेच.

खोबणीतून काय आलं, काय गेलं याची रोजनिशी कॉम्प्युटर नव्वद दिवस ठेवायचा, मग आपणच पुसायचा. तिने तो मंगळवार काढला. एकच ओळ होती. दोन्हीकडे बदल, ऑफिसची नोंद कायम, आणि पुढे त्या पाच मजली इमारतीचा क्रमांक. कारकुनाने दुपारी तीनला तिथला फोन नंबर दुरुस्त केला होता. तिने ते पान छापून घेतलं आणि साहेबांकडे गेली.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. “हे कुणाला दाखवलंस?”

“कुणाला नाही.”

“आणि आठवड्याने हे पुसलं जाणार.”

“हो.”

“मग बस दोन मिनिटं.” त्यांचा आवाज अगदी घरच्यासारखा झाला. “हे बघ, तो माणूस कबूल झालाय. त्याची दोन वर्षं राहिली होती, तुझी तीस आहेत. या पाट्यांच्या जोरावर आपल्याला कामं मिळाली. उद्या हे बाहेर आलं तर शंभर घरांत चूल पेटणार नाही. गेलेली बाई परत येणार आहे का?”

“नियम तुम्ही सांगितला होता, साहेब.”

“मी तोंडी बोललो. लिहिलास तू.”

तेही खरंच होतं.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो लेकीचे बूट पुसत होता. बराच वेळ एकच बूट पुसत राहिला. “खरं सांगितलंस तर त्यांच्या जागी तू उभी राहशील, कळतंय ना?”

“कळतंय.”

“पोरगी सहा वर्षांची आहे.” एवढंच म्हणाला. आणि त्याचंही काही चुकत नव्हतं.

चार दिवस तो कागद तिच्या पर्समध्ये होता. पुढे तिने स्वतःला सगळं माफ केलं असेल-नसेल, पण हे चार दिवस नाही. त्या चार दिवसांत ती कामावर गेली, जेवली, लेकीला पाढे शिकवले, हसलीसुद्धा. पाचव्या दिवशी कामावर न जाता ती मोठ्या मिस्त्र्यांच्या घरी गेली.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. दोन खोल्यांचं घर, स्वच्छ, भिंतीला लावलेली शिलाई मशीन. काकूंनी तिला ओळखलं, पण आत या म्हणाल्या नाहीत.

“लिहिलं असतं तर आलं असतं,” काकू म्हणाल्या. “तुम्हीच ना त्या?”

“काकू, मी चुकीचं बोलले होते. तेच सांगायला आलेय.”

काकू बाजूला झाल्या. मोठे मिस्त्री स्वयंपाकघरात गॅसपाशी उभे होते. त्यांनी बटण बंद केलं, हाताने चाचपलं, दोन पावलं गेले, परत येऊन चाचपलं. “दिवसभर हेच,” काकू हळूच म्हणाल्या. “गॅस, नळ, कडी. आणि दर रविवारी त्या बाईच्या घरी जातात. दाराबाहेर उभे राहतात. पहिल्यांदा तिच्या नवऱ्याने ढकलून दिलं. आता तो आत जाऊन बसतो.”

तिने कागद पुढे केला. नियम, फोन नंबर, तीन वाजता, सगळं सांगितलं. मोठ्या मिस्त्र्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“नाही ताई. मी लिहिलं नव्हतं.”

“काका, हा पुरावा आहे.”

“असेल. पण मला आठवतंय ना. मी काडी काढली, तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली, मी काडी परत ठेवली. रोज आठवतं. हाक कशी होती तेसुद्धा आठवतं.” ते तिच्याकडे कळवळून बघत होते, जणू समजूत तिचीच घालायची होती. “तुम्ही उगाच स्वतःला लावून घेऊ नका. तुमचं यंत्र चांगलं होतं.”

ती दुखावणारं काहीही ऐकायची तयारी करून आली होती. हे मात्र तिला झेपलं नाही. ती जिन्यात येऊन बसली. थोड्या वेळाने काकू बाहेर आल्या, पाण्याचा तांब्या तिच्यापाशी ठेवून म्हणाल्या, “आता इथवर आलात तर पुढेही जा.”

ती त्याच दुपारी निरीक्षकांकडे गेली. कागद दिला, नियमाची ओळ दाखवली, शेजारचं टिपणही. त्यांनी विचारलं, हे टिपण कधीचं? तिने तारीख सांगितली. म्हणजे धोका माहीत होता? ती हो म्हणाली.

पुढे सगळं व्हायचं तसंच झालं. कंपनीने तिला काढून टाकलं, एकटीला. गुन्ह्यात तिचं नाव आलं. साहेबांनी लेखी दिलं की असा कुठलाही आदेश दिल्याचं त्यांना स्मरत नाही. नवरा प्रत्येक तारखेला तिच्याबरोबर आला, पण घरी बोलणं कामापुरतंच उरलं.

निरीक्षकांनी चौकशी पुन्हा उघडली. सुनावणीच्या दिवशी मोठ्या मिस्त्र्यांना साक्षीला बोलावलं. निरीक्षकांनी विचारलं, “तुम्ही नोंद लिहिली होती का?” ते उभे राहिले. “साहेब,” ते म्हणाले, “मला सांगता येत नाही.” मग बसले.

मधल्या सुट्टीत ती बाहेर बाकावर बसली होती. मोठे मिस्त्री येऊन शेजारी टेकले. खूप बारीक झाले होते. म्हणाले, “ताई, तुमच्या यंत्रात अजून काही असतं का हो? त्या दिवसाचं?”

होतं. तपासण्यांच्या यादीत. चौकशीच्या कागदांत ती जोडलेली होती, पण तिच्याशिवाय तिथे कुणी बघितलंच नव्हतं. नोंद उघडल्याची वेळ आणि मिटल्याची वेळ.

“अकरा दहाला तुम्ही नोंद उघडलीत, काका. अकरा सव्वीसला मिटलीत.”

“म्हणजे?”

“सोळा मिनिटं. ‘ठीक’ला एकदा टेकवलं की झालं, सगळ्यांचं मिनिटभरात होतं. तुम्ही तिथे सोळा मिनिटं लिहीत होतात. तुम्हाला एकेक अक्षर काढायला वेळ लागतो. मी बघितलंय तुम्हाला लिहिताना.”

ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. बोटं काडी धरल्यासारखी हलत होती.

“आणि ती हाक?”

“ते मला माहीत नाही, काका. यादीत हाक नसते.”

चौकशीचा निकाल लागला तेव्हा मोठ्या मिस्त्र्यांवरचा गुन्हा मागे घेतला गेला. कंपनीने त्यांना परत बोलावलं. ते गेले, एक दिवस काम केलं, एका दारापाशी संध्याकाळपर्यंत उभे राहिले आणि ठेंगण्या मिस्त्रीने त्यांना घरी आणून सोडलं. पुन्हा गेले नाहीत. तिचा खटला अजून चालू आहे. आता ती एका छापखान्यात मुद्रितं तपासते. रविवारी त्या बाईच्या घरी मोठे मिस्त्री अजूनही जातात. आता सोबत काकू असतात. परवा म्हणे बाईच्या थोरल्या मुलीने दोघांना बसायला खुर्च्या बाहेर आणून ठेवल्या. दोघं तासभर बसली.