शुक्रवार त्याचा, शनिवार याचा, माझा कोणता?

मी कसोटीचा दगड बोलतोय. सोनाराकडे सोनं घासून कस पाहतात ना, तोच. तळहातावर मावेन एवढा, काळाकुळकुळीत, गुळगुळीत. सध्या मुक्काम अ‍ॅमस्टरडॅम, बुइटनव्हेल्डर्ट, चौथा मजला. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव हेवेखोर आहे. ज्याला म्हणून आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळते, त्याच्यावर मी जळतो.

याला कारण आहे. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी मी इजिप्तमधल्या फुस्तात शहरात सोनारांच्या एका पेढीवर होतो. पेढी दोघांच्या भागीतली. खलफ ज्यू आणि मसऊद मुसलमान. राज्य मसऊदच्या धर्माचं. खलफला ज्यू म्हणून वेगळा कर द्यावा लागे, आणि तो देऊन आला की तासभर कुणाशी बोलत नसे. पण पेढीच्या उंबऱ्याच्या आत हातोडी, चिमटा, भाता, तराजू आणि मी, सगळे दोघांचे निम्मे निम्मे.

त्यांचा एक करार होता. शुक्रवारी मसऊद नमाजाला जाई, पेढीवर खलफ एकटा, म्हणून त्या दिवसाची कमाई खलफची. शनिवारी खलफचा शब्बाथ. त्या दिवशी तो विस्तव पेटवत नसे की कामाला हात लावत नसे. पेढीवर मसऊद एकटा, म्हणून ती कमाई मसऊदची. दोघंही खूश. आणि मी? शुक्रवारी खलफच्या हाताखाली, शनिवारी मसऊदच्या, उरलेले पाच दिवस दोघांच्या. भाता निदान फाटायचा तरी, मग त्याला चांभाराकडे दोन दिवस आराम. मला मेलं कधी काही व्हायचंच नाही. शनिवारी सकाळी खलफ धुतलेला अंगरखा घालून समोरून निवांत चालत गेला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा बाजारातल्या एका सोनाराने मसऊदचे कान भरले. "शुक्रवारी तू नसतोस, तेव्हा तुझा भागीदार सोन्यात तांबं घालतो म्हणे."

मसऊद हसला खरा, पण शनिवारी त्याने खलफने आदल्या दिवशी घडवलेलं कंकण फळीवरून उचललं, दार लोटून घेतलं आणि माझ्यावर घासलं. खोटं कशाला बोलू, मी मनात म्हटलं, निघू दे हिणकस. भागी मोडेल, हत्यारं पेटीत पडतील, मी सावकाश झोपेन. पण खोटी रेघ उमटवणं मला जमत नाही. रेघ पिवळीधमक उमटली. मसऊद तिच्याकडे पाहत बसला आणि पुसायचं विसरला.

रविवारी खलफ आला. आपल्या हातचं सोनं त्याने बघताक्षणी ओळखलं.

"माझं कंकण तपासलंस?"

"तपासलं," मसऊद म्हणाला. "आणि आता तुझ्याकडे बघवत नाही."

खलफने मला उचलून त्या रेघेवरून अंगठा फिरवला. रागावला होता, ते त्याच्या बोटांवरून मला कळत होतं. मग म्हणाला, "आजपासून शुक्रवारची रेघ मी पुसणार नाही. शनिवारची तू पुसू नकोस. रविवारी दोघं मिळून बघू आणि मग पुसू."

त्यांची भागी शेवटपर्यंत टिकली. माझी मात्र दोन दिवस अंघोळसुद्धा बंद झाली.

पुढे किती हात बदलले ते सांगत बसत नाही. शेवटी अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या एका कारागिराच्या टेबलावर आलो. तिथे सोनं तपासायचं यंत्र आलं होतं. संध्याकाळी पाच वाजले की त्याचा स्विच बंद, वर कापडाचं झाकण. शनिवार-रविवार तर पूर्ण विश्रांती! मी मात्र संध्याकाळी आणि सुट्टीला शिकायला येणाऱ्यांच्या हाताखाली. त्या डब्यावर मी जितका जळलो, तितका खलफवरही नाही. कारागिराने काम थांबवलं तेव्हा त्याच्याकडे शिकायला येणाऱ्या सुचेताला त्याने मला देऊन टाकलं.

सुचेता मूळची पुण्याची. दिवसा झुइडासच्या ऑफिसात सॉफ्टवेअर, आणि रोज संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी तर दिवसभर, घरीच सोनारकाम. म्हणजे सगळे आराम करणार, तेव्हा मी कामावर. नशीबच तसं.

मग तिच्या सासूबाई, सुहासिनीबाई, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. सुचेताने मला धुऊन खिडकीत वाळत ठेवलं होतं. सासूबाईंनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, शाळिग्राम असा उघड्यावर?"

मी थेट देव्हाऱ्यात! रोज कोमट पाण्याने अंघोळ, गंध, तुळस म्हणून सुपरमार्केटातली बेसिलची पानं. घासाघीस नाही, तेजाब नाही. नऊशे वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर जळावं असे दिवस आले.

"आई, माझा काळा दगड पाहिलात का?" सुचेताने विचारलं.

"दगड? नाही बाई." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी दगड पाहिलाच नव्हता.

याच सुमारास सासूबाईंची एक पाटली चेपली. सुचेताने ती ठोकून सरळ केली, उजळवली आणि परत दिली. हातातली जोडीची पाटली मंद, ही नवीकोरी झगझगीत. सासूबाई "छान झाली हो" म्हणाल्या, पण दुसऱ्या दिवशी सुचेता सायकलवरून ऑफिसला गेल्यावर माझ्यासमोर येऊन बसल्या.

"देवा, ही पाटली माझी वाटत नाही रे. माझ्या आईने घातलेली होती. सुनेवर संशय घेऊ कसा? आणि न घेऊ तर कसा?"

हे रोज चाललं. हळूहळू त्या सुचेताशी तुटक बोलू लागल्या. परतीचं तिकीट अलीकडे आणायला सांगितलं. सुचेताला कळेना आपलं काय चुकलं. एकदा तर ती ओट्याशी उभी राहून रडली. उत्तर फक्त मला माहीत होतं आणि मी फुलं डोक्यावर घेऊन गप्प बसलो होतो. पुन्हा कोण त्या टेबलावर जाणार?

शेवटी नात ईशानी प्रसाद घ्यायला आली आणि ओरडली, "आजी, दॅट्स ममाज स्टोन! ती त्याच्यावर गोल्ड रब करते!"

सासूबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. मला घेऊन सुचेताच्या टेबलापाशी गेल्या. "याच्यावर सोन्याची पारख होते?"

"हो, आई."

त्यांनी दोन्ही पाटल्या काढल्या आणि सुचेतासमोर ठेवल्या. "मग दोन्ही घास. माझ्या मनात पाप आलंय. मी जायच्या आधी ते गेलं पाहिजे."

सुचेताचा चेहरा पडला. पण तिने दोन रेघा ओढल्या, शेजारी शेजारी. वर तेजाबाचा थेंब. मला पुन्हा तोच मोह झाला. एक रेघ जरा फिकट उमटली असती, तर सासूबाईंनी मला पुन्हा सुनेच्या हाती दिलं नसतं, देव्हाऱ्यातच ठेवलं असतं. पण दोन्ही रेघा तशाच राहिल्या. एकाच सोन्याच्या.

सासूबाई रडल्या. सुचेताही रडली, मग जरा रागाने म्हणाली, "आई, मला विचारायचं होतं ना!" आणि सवयीने मला पुसायला फडकं उचललं.

"पुसू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "मी इथे आहे तोवर राहू दे. रोज बघीन."

हे वाक्य मी नऊशे वर्षांनी पुन्हा ऐकलं, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या देशात.

तिकीट बदललं नाही. सासूबाईंनी एक निवाडा मात्र केला. "शाळिग्राम नसेल, पण इतके दिवस पूजा केली आहे. गुरुवारी हा देव्हाऱ्यात बसेल. बाकीचे दिवस तुझा."

तर मला अखेर माझा वार मिळाला. आज गुरुवारची संध्याकाळ आहे. मी देव्हाऱ्यात आहे, अंगावर त्या दोन रेघा आहेत. शेजारच्या टेबलावर सासू-सून डोक्याला डोकं लावून नथ घडवतायत, हसतायत. माझ्या जागी एक नवा दगड ठेवलाय, फक्त आजच्यापुरता.

अहो, कुणीतरी मला तिकडे न्या. त्या दगडाला काही कळत नाही.