पोचपावती

टपालबाईंनी काडी ओढून मेणबत्ती पेटवली आणि ख्रिस्तशरीराची, म्हणजे मिस्सेत आशीर्वादित केलेल्या भाकरीची, छोटी सोनेरी डबी पांढऱ्या रुमालावर ठेवली. तेवढ्यात पलंगावर उशीला टेकून बसलेल्या हेडमास्तरांनी क्रूसाची खूण केली.

"फादर, मला आशीर्वाद द्या. मी पाप केलंय."

"अहो सर, थांबा. मी..."

सर थांबले नाहीत. शाळेत असतानाही कुणी मध्ये बोलून त्यांना थांबवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आता तर डोळे जवळजवळ गेले होते आणि कानही सोयीपुरतेच चालत.

आज खरं तर फादरच यायचे होते. पण इस्पितळातून कुणाचं तरी बोलावणं आलं, तेव्हा निघता निघता ते बाईंना म्हणाले, "सरांकडे तुम्ही जाऊन या. मी संध्याकाळी डोकावतो." आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तशरीर पोचवायचं काम बाईंकडेच होतं. सकाळी हे, आणि दिवसभर पोस्टाची खिडकी. बाईंच्या हाती दिलं की पोचलंच समजा, असं देवळातले लोक थट्टेने म्हणत.

पण कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, ही काही बाईंची खिडकी नव्हती. ते फक्त फादरांनी ऐकायचं. सरांच्या सुनेला हाक मारावी म्हणून बाई उठल्या.

"त्या टपालबाईबद्दल बोलायचंय," सर म्हणाले.

बाई होत्या तिथेच थांबल्या. पुढे व्हावं की मागे, त्यांना कळेना.

"तिचा नवरा घर सोडून गेला, तेव्हाची गोष्ट. ती रविवारी देवळात मिस्सेच्या वेळी बायबलचं वाचन करायची. आपल्या देवळात पहिलीच बाई वेदीपाशी उभी राहिलेली. मी जुन्या फादरांना जाऊन सांगितलं, हिच्या वागण्यात खोट आहे म्हणून नवरा गेला. असली बाई वेदीपाशी बरी दिसत नाही." सरांनी उशी सारखी केली. "मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं, फादर. मी मनानेच रचलं. मी देवळाच्या कौन्सिलचा सेक्रेटरी, इतकी वर्षं वाचन माझ्याकडे. आणि लोक म्हणायला लागले, बाई वाचते तेव्हा समजतं. ते मला सोसलं नाही."

बाई खुर्चीत बसल्या.

तुमच्याबद्दल काहीबाही कानावर आलंय, थोडे दिवस वाचनातून विश्रांती घ्या, असं जुने फादर म्हणाले होते. ते थोडे दिवस वर्षानुवर्षं चालले. बाई मागच्या बाकावर बसत आणि सर खणखणीत आवाजात चुकीच्या जागी थांबत वाचत. आगलावेपणा कुणाचा, हे बाईंनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. नवऱ्याचं सगळं त्या एकाच माणसाजवळ रडल्या होत्या, नणंदेजवळ. नणंद देवाशप्पथ म्हणाली, पाया पडली. बाईंनी दार लावून घेतलं. एका गल्लीचं अंतर, पण दोघींनी पुन्हा एकमेकींचा उंबरा ओलांडला नव्हता. नणंदेच्या मुलीच्या लग्नालाही बाई गेल्या नव्हत्या.

मेणबत्तीची ज्योत हलत होती. बाईंना इतका राग आला की डबी उचलून तडक निघून जावंसं वाटलं. म्हातारा जाईल तिकडे जाऊ दे, आपल्याला काय त्याचं!

"फादर, क्षमा होईल ना?"

बाई पलंगाजवळ गेल्या आणि सरांच्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या, "सर, मी फादर नाही. मी टपालबाई आहे. फादर संध्याकाळी येतील. क्षमा त्यांच्याकडे मागा."

सर दचकतील, निदान शरमतील असं त्यांना वाटलं होतं. सर नुसते मान हलवत राहिले.

"देवाची क्षमा फादर आणतील," ते हळूच म्हणाले. "ती संध्याकाळी मागेनच."

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं मी आहे ते?"

"डोळे गेलेत बाई, नाक नाही गेलं. तुमच्या हाताला शिक्क्याच्या शाईचा वास येतो. प्रत्येक वेळी येतो."

"मग फादर, फादर काय लावलं होतं?"

"तुम्हाला तुमच्या नावाने हाक मारून हे बोलायची छाती नव्हती."

बाईंना हसावं की रडावं कळेना. कन्फेशनमधलं कानावर पडलं तरी ओठांवर आणायचं नाही, हे त्या धर्मशिक्षणाच्या वर्गात दर वर्षी मुलांना शिकवत. आणि हे कन्फेशन होतं की नव्हतं, ते आता कुणाला विचारायचीही सोय राहिली नव्हती.

"मोठे हुशार आहात सर. बोललातही, आणि माझं तोंडही बंद केलंत."

"पोचलं ना, बाई?"

बाईंनी डबीवर रुमाल घडी करून ठेवला, उलगडला, पुन्हा घडी केली.

"पोचलं," त्या म्हणाल्या. "पोचपावती मात्र आज मागू नका. ती माझ्याच्याने देववणार नाही."

"बरं." सर उशीवर सरकले. "ख्रिस्तशरीरही आज नको. आधी फादर येऊन जाऊ देत."

बाईंनी मेणबत्ती फुंकली. सरांचं पांघरूण पायाशी गोळा झालं होतं. दारापर्यंत गेलेल्या बाई परत आल्या आणि ते छातीपर्यंत ओढून दिलं.

"उद्या सकाळी येते," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर पाय आपोआप नणंदेच्या गल्लीकडे वळले. पण डबी घेऊन वाटेत कुठे थांबायचं नाही, हा नियम. बाई देवळात गेल्या, डबी जागेवर ठेवली, गुडघे टेकले, पण प्रार्थनेतला एक शब्द आठवेल तर शपथ. मग पोस्टात फोन करून यायला उशीर होईल एवढं सांगितलं आणि त्या गल्लीत शिरल्या.

दार नणंदेनेच उघडलं. केस पांढरे झाले होते. ओला हात तिने तसाच कडीवर ठेवला होता.

"तू?" ती म्हणाली. "इकडे कुठे वाट चुकलीस?"

"चुकले होते खरी," बाई म्हणाल्या. "तू नव्हतीस गं. फादरांचे कान भरणारी ती तू नव्हतीस."

नणंद बघतच राहिली. "कोण होतं मग? कुणी सांगितलं तुला?"

बाईंनी तोंड उघडलं. नाव अगदी जिभेवर होतं.

"ते नाही सांगता यायचं," त्या म्हणाल्या. "आत येऊ का?"