बाबांचं रिकामं कडवं

दिल्लीतल्या द्वारकेत आमच्या सोसायटीवरून विमानं इतकी खालून जातात की नव्या पाहुण्यांचं बोलणं हवेतच विरतं. आम्ही जुने रहिवासी वाक्याच्या मधोमध थांबतो, विमान जाऊ देतो आणि पुढचा शब्द उचलतो. गेली दोन वर्षं माझे बाबा याच विमानांच्या आडून ट्रम्पेट वाजवत होते. लांबून घरघर सुरू झाली की मागच्या खोलीचं दार लागायचं, त्या घरघरीच्या पोटात एक लांबट सूर उमटायचा आणि विमान लांब गेलं की तोही थांबायचा. मग बाबा हातात वर्तमानपत्र घेऊन बाहेर यायचे, जसे काही आत बसून अग्रलेखच वाचत होते. आई आणि मी तेव्हा एकमेकींकडे मुळीच बघायचो नाही. बघितलं असतं तर दोघींनाही रडू आलं असतं.

बाबांचं नाव सुधन्वा. दिवसा ते मंत्रालयात फायली हलवायचे आणि संध्याकाळी टाय बदलून जाझ वाजवायला जायचे. एकदा घाईत ते बो टाय लावूनच सचिवांच्या बैठकीला बसले होते, आणि सचिवांनी त्यांना चहा आणायला सांगितला. बाबांनी तो आणलाही, असं आई सांगते. त्यांचे जोडीदार तात्याराव पियानो वाजवायचे. दिल्लीत जाझवर पोट भरत नाही हे दोघांनाही लवकरच कळलं, म्हणून त्यांनी सरकारी नोकरी सोडली नाही. जाझही सोडला नाही. हॉटेलांच्या लॉबीत लोक सूप पीत असायचे आणि हे दोघं कोपऱ्यात जीव ओतून वाजवायचे. टाळ्या कुणी वाजवत नसे. फार झालं तर एखाद्या टेबलावरून वाढदिवसाचं गाणं वाजवायची फर्माईश यायची. तेही ते असं वाजवायचे की केक कापणारा माणूस सुरी तशीच धरून ऐकत राहायचा.

तात्याराव गाझियाबादला राहायचे आणि आम्ही द्वारकेला, म्हणजे मेट्रोच्या निळ्या मार्गाच्या दोन टोकांना. दोघं मधे, बाराखंबा स्टेशनवर भेटायचे. तात्यारावांनी मेट्रोत बसून एक धून बांधली, तिचं नावही बाराखंबाच ठेवलं. त्या धुनेचं कडवं चार ओळींचं. पहिली, दुसरी आणि चौथी ओळ एकाच चालीची, तिसरी मात्र वेगळी, उंच चढणारी, खास बाबांच्या ट्रम्पेटसाठी लिहिलेली. जाझमध्ये आधी सगळे मिळून धून वाजवतात. मग प्रत्येकाला एकेक कडवं एकट्याला मिळतं आणि त्यात त्यानं मनाला येईल ते वाजवावं, फक्त ओळींची वाट चुकू नये. माझं सगळं लहानपण त्या चार ओळींत येरझाऱ्या घालण्यात गेलं. मोठी झाले तेव्हा माझ्याहून उंच असा डबल बेस, खर्जातलं ते चार तारांचं धूड, माझ्या गळ्यात पडला, आणि नोकरी सांभाळून मीही त्यांच्यातलीच एक झाले.

तात्याराव गेले तेव्हा बाबांनी एक रीत घातली. बाराखंबा वाजवताना तात्यारावांचं कडवं आलं की कुणी काही वाजवायचं नाही. खालून बेस आणि ड्रम चालत राहतील, वर जागा मोकळी. वर्षभर आम्ही तसं केलं. नंतर कीबोर्डवर अमोल आला, त्याला बाबांनीच पाठीवर थाप मारून ते कडवं दिलं.

मग बाबांचे दात गेले. हिरड्यांचं दुखणं होतं, वरचे पुढचे चार दात काढावे लागले आणि कवळी आली. दुसऱ्या कुणाला कवळी लागली तर तो फार तर ऊस खाणं सोडतो. ट्रम्पेटवाल्याची सगळी कमाई मात्र त्या चार दातांवर टेकलेली असते. बाबांनी ट्रम्पेट ओठाला लावलं की कवळी हलायची, कडेनं हवा फुसफुसायची आणि सूर फाटायचा. एका जेवणात ते म्हणाले, बघू आता कसं जमतं ते. मी जाहीर करून टाकलं की बाबा परत येईपर्यंत त्यांचं कडवं कुणालाही मिळणार नाही, ते रिकामं राहील. बाबा नुसतं अच्छा म्हणाले. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग कोशिंबिरीकडे पाहिलं.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी दक्षिण दिल्लीतल्या मुनिरकात एका कॉफीवाल्याच्या माडीवर आम्ही वाजवतो. मेट्रोत नेता येत नाही म्हणून माझा बेस तिथंच भिंतीला टेकून असतो. ऐकणारे म्हणजे स्पर्धा परीक्षांची पोरंपोरी. त्यातली बरीचशी आपल्याकडची, लातूर, परभणीची. ती एका कॉफीवर दुपार काढतात आणि आमच्या सुरांवर पंचायत राज पाठ करतात. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या खोलीत कुणी कूस बदलली तर इकडे कळावं. थंडीतलं ऊन तेवढ्याच फटीतून उतरतं आणि ड्रमवाल्या जयदीपच्या झांजेवर येऊन पडून राहतं. अशा वेळी सगळंच जरा झोपेत चाललंय असं वाटतं, वाजवणंही.

आणि मग बाबांचं कडवं यायचं. माझ्या चार जाड तारा, जयदीपच्या ब्रशची खसखस आणि वर कुणी नाही. मी डोळे मिटायचे. बाबा तिथं उभे दिसायचे, डावा खांदा किंचित वर, टाय सैल. मी त्यांची जागा राखते आहे, या विचारानं मला भरून यायचं. घरी आल्यावर मी त्यांना न चुकता सांगायचे की आजही ठेवलं हं रिकामं, चला ना पुढच्या रविवारी. बाबांकडे नेहमी कारण तयार असायचं. कधी सोसायटीची मीटिंग, कधी पाण्याचा टँकर. एका रविवारी तर बाल्कनीत कबुतरानं अंडी घातली म्हणून त्यांना घर सोडता येत नव्हतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी अशीच डोळे मिटून बाबांच्या रिकाम्या कडव्यात चालत होते आणि त्या मोकळ्या जागेत ट्रम्पेट आलं.

हॉलमधून नव्हे, खिडकीबाहेरून. स्वच्छ, भरदार सूर. पहिल्या दोन ओळी मी खरोखर धरून चालले की बाबा आलेत, जिना चढायचा कंटाळा केला आणि खालून गल्लीतूनच वाजवतायत. तिसरी ओळ आली, सूर उंच चढला, आणि चढताना असा काही थरथरला, लचकला, की डोळ्यांसमोर घोडा आणि फेट्यातला नवरदेवच उभा राहिला. हे बाबा नव्हते. मी डोळे उघडले. समोरच्या खोलीच्या खिडकीत स्वेटर घातलेली एक मुलगी ट्रम्पेट वाजवत होती. चौथी ओळ तिनं थाटात संपवली, आणि पंचायत राजवाल्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. आजवर त्या कडव्याला कुणी टाळी दिली नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धून संपताच मी गल्ली ओलांडून तिचा जिना चढले. सुरुची तिचं नाव, बार्शीची, तीन वर्षं इथं परीक्षेची तयारी करत होती. तिचे आजोबा ज्ञानोबा यांचा लग्नातला बँड, ट्रम्पेट त्यांचंच, पलंगाखाली ठेवलेलं. कुणाला विचारून वाजवलंस, असं मी विचारलं तर ती गोंधळूनच गेली.

"ताई, तुम्ही दर रविवारी तिथं थांबता ना. मला वाटलं, तुमचा वाजवणारा दमलाय," ती म्हणाली. "आमच्यात पुढच्याचा दम संपला की मागच्यानं उचलायचं असतंय. नाहीतर वरात थांबते, आणि वरात थांबली की लोक विचारतात, काय झालं, कोण गेलं?"

ती जागा माझ्या वडिलांची आहे आणि तिथं कुणीही वाजवायचं नाही, असं मी तिला ऑफिसात वापरते त्या आवाजात बजावलं. चुकलं ताई, म्हणून तिनं ट्रम्पेट पेटीत ठेवलं. मी मोठी लढाई जिंकल्यासारखी खाली उतरले.

घरी जेवताना मी सगळं तावातावानं सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला. एवढं ऐकून त्यांनी काय विचारावं? तिसऱ्या ओळीत तिनं काय केलं म्हणे. मी म्हटलं, काय करणार, वरात काढली. बाबा हसले, कवळी सुटेल म्हणून तोंडावर हात धरून, पण खदखदून. कितीतरी दिवसांनी हसले. तेवढ्यात विमान आलं. आम्ही तिघंही सवयीनं थांबलो. मागच्या खोलीत जायला बाबा उठतील असं मला वाटलं, पण ते उठले नाहीत.

विमान गेल्यावर मला नावानं हाक मारून ते म्हणाले, "कादंबरी, तात्यारावांचं कडवं आपण रिकामं ठेवलं होतं."

मी म्हटलं, हो, तुमचीच तर कल्पना.

"बिल्कुल माझीच. पण तात्याराव गेले होते." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तू दर रविवारी येऊन सांगतेस, बाबा, आजही ठेवलं रिकामं. तेव्हा मला वाटतं, तिथं माझा फोटो लावलाय. हारासकट."

मी आईकडे पाहिलं. आई भाताकडे बघत होती, म्हणजे तिला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"तू इतक्या मायेनं ठेवत होतीस गं," बाबा म्हणाले. "कसं सांगणार?"

मी ताटावरच रडले. लाज वाटली, राग आला, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली की आता उशीर तर झाला नाही ना. माणूस विमानाच्या आडून जागा शोधत होता आणि मी दर आठवड्याला त्याची जागा धुऊनपुसून रिकामी करत होते. आईनं वरण वाढलं आणि म्हणाली, आता खा, पुढच्या रविवारी सगळे जाऊ. बाबा हो म्हणाले नाहीत, तसं कबुतरांनाही मधे आणलं नाही.

रविवारी दुपारी त्यांनी आपणहून मफलर गुंडाळला. जनकपुरीला गाडी बदलताना ट्रम्पेटची पेटी त्यांनी मला धरू दिली नाही. मुनिरकाला पोचल्यावर त्यांना आणि आईला माडीवर बसवून मी पुन्हा सुरुचीचा जिना चढले. मला बघून ती जरा मागेच सरकली. माफी मागताना माझी फार तारांबळ उडाली, पण मागितली. आज तू वाजव, असं म्हटल्यावर ती म्हणाली की ती तर तुमच्या वडिलांची जागा.

"ते आलेत," मी म्हटलं. "पण त्यांचा दम मधेच संपतो."

तिला पुढं काही समजावावं लागलं नाही. फक्त ती हॉलमध्ये यायला तयार होईना, कारण तिथं सगळे तिच्या क्लासचे, ही अभ्यास सोडून बाजे वाजवते असं गावभर होईल. मी इथूनच वाजवते, ती म्हणाली.

बाराखंबा सुरू झाली. अमोलचं कडवं झालं, माझं झालं. बाबांच्या कडव्याची पहिली ओळ खिडकीतून आली, दुसरीही आली. ऊन झांजेवरून सरकून बाबांच्या बुटांवर आलं होतं. तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी सुरुचीनं ट्रम्पेट खाली घेतलं आणि इकडे पाहिलं. बाबा उठले. डावा खांदा किंचित वर गेला. त्यांनी ट्रम्पेट ओठाला लावलं आणि नेमकं तेव्हाच विमान आलं.

काचा हलायला लागल्या. माझ्या मनात एकच आलं: बाबा, आत्ता वाजवून घ्या, आत्ता सूर फाटला तरी कुणाला कळणार नाही. आईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं, तीही हेच म्हणत असणार. बाबा तसेच उभे राहिले, ओठ लावलेले, डोळे छताकडे. वाजवलं नाही त्यांनी. मी तिसऱ्या ओळीच्या दारातच तेच ते सूर धरून घुटमळत राहिले, जयदीप माझ्याबरोबर राहिला, अमोलनं कीबोर्डवरून हात उचलले. विमान आमच्या डोक्यावरून गेलं, मग वस्तीवरून, मग ऐकू येईनासं झालं. हॉल इतका शांत झाला की पोरांनी पुस्तकांतून माना वर केल्या.

मग बाबांनी वाजवलं. पहिलाच सूर फाटला आणि सगळ्यांनी तो ऐकला. कवळीच्या कडेनं हवा फुसफुसली, तीही सगळ्यांनी ऐकली. चढणारी ती ओळ बाबांनी चढवलीच नाही. खालच्या सुरांतून, भिंतीला हात लावत घरात चालावं तशी, सावकाश नेली. मला पुढचं नीट दिसत नव्हतं, पण हात चालत होते. ओळ अर्ध्यावर आली आणि त्यांचा दम संपला. त्यांनी ट्रम्पेट खाली घेण्याच्या आत समोरच्या खिडकीनं तो सूर उचलला, तोच, तेवढ्याच खालचा, अजिबात न लचकवता.

बाबांनी मफलरनं ओठ पुसले, बोटानं कवळी नीट बसवली आणि चौथ्या ओळीसाठी ट्रम्पेट पुन्हा उचललं.