दोन हातांचं काम

काकू पोटावर सरपटत आपल्या राहत्या गाडीखाली शिरल्या आणि पाण्याच्या टाकीचा तळ चाचपू लागल्या. हाताला ओल लागत होती, भोक काही सापडत नव्हतं. काल संध्याकाळी टाकीत पाणी भरलं होतं आणि आज सकाळी ती ठणठणीत कोरडी. आठवडाभर हेच चाललं होतं.

“सापडलं का?” शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या वायरमनबाईंनी उभ्याउभ्याच विचारलं. गाडीखाली शिरायचं आपलं वय गेलं, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. काकू त्यांच्यापेक्षा चांगल्या थोरल्या होत्या, पण हा मुद्दा कुणी काढला नाही.

“ओलं आहे. भोक नाही.”

“मग या बाहेर. आतून बघू.”

काकू बाहेर आल्या, गुडघे झाडले आणि वर सरकलेली बाही खाली ओढली. दंडावर काळानिळा डाग होता. गेल्या आठवड्यात काकांना न्हाणीतून उठवताना दोघंही आडवे झाले होते. बराच वेळ तसेच पडून होते, आणि मग काकूंनीच कसंबसं स्वतःला आणि त्यांना उभं केलं होतं. ही गोष्ट त्यांनी लेकीला सांगितली नव्हती.

फिटरकाकांची नोकरी बसगाड्यांच्या कारखान्यात झाली. निवृत्त झाल्यावर दोघांनी घर विकलं आणि एक मोडकळीला आलेली कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली. काकांनी ती पार सोलून काढली; पाइप, तारा, टाक्या सगळं नव्यानं स्वतःच्या हातानं बसवलं. तेव्हापासून कामाची वाटणी ठरून गेली. तारा आणि पाणी काकांचं. कपाटं, भांडी, अंथरुणं काकूंची. दर हिवाळ्यात गाडी कॅरॅव्हॅनवाल्यांच्या या मैदानावर बंद करून ठेवायची आणि थोडे दिवस लेकीकडे जायचं. त्या दिवशी काकू कपांना कागद गुंडाळून एका टोपल्यात भरत, पिशव्या घेऊन बाहेर बाकावर जाऊन बसत, आणि काका आत एकटेच खुडबूड करत राहत. आत काय चालतं हे काकूंनी कधी विचारलं नाही, आणि कप कसे फुटत नाहीत हे काकांनी विचारलं नाही. असल्या न विचारण्यावर संसार उत्तम चालतो.

उन्हाळ्यात काकांची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही. एकच शब्द उरला, “बरं.” जेवायचं का? बरं. औषध कडू आहे का? बरं. सरकार पडलं, ऐकलंत का? बरं.

लेकीचा फोन आला तेव्हाही ते समोरच बसले होते. फोन स्पीकरवर होता.

“आई, किती ओढशील? बाबांसाठी एक जागा बघितली आहे. नर्स असतात, उचलायला माणसं असतात. तू माझ्याकडे ये. माझ्या दोन खोल्यांत दोघांचं कायमचं नाही गं होणार.”

“आम्ही इथं ठीक आहोत.”

“ठीक? मागच्या फोनवर बादलीनं पाणी आणतेय म्हणत होतीस. मी रविवारी येते. दिवे-पाणी नीट चालू असेल तर एक अक्षर बोलणार नाही. नसेल तर मात्र दोघांचं सामान भरायचं.”

“बरं,” काका म्हणाले होते.

आज शनिवार होता. म्हणून काकूंनी लाज गुंडाळून ठेवली आणि वायरमनबाईंना हाक मारली. त्यांनी वीज कंपनीत खांबावर चढून नोकरी केली होती आणि आता सगळ्या मैदानाला शहाणं करून सोडण्याचं काम त्या फुकटात करत.

आत काका टेबलापाशी बसले होते. डोक्यावरचा छोटा दिवा भर दुपारी चालू होता. तोही बंद होईल या भीतीनं काकू तो मालवतच नव्हत्या. फ्रिजच्या दारात पुन्हा एक घडी केलेला रुमाल कोंबलेला होता, त्यानं दार अर्धवट उघडं राहिलं होतं.

“बघा,” काकू रुमाल ओढत म्हणाल्या. “रोजचं आहे. अहो, फ्रिज गार करायचाय, अख्खं मैदान नाही.”

काका काही बोलले नाहीत. बरंसुद्धा नाही.

वायरमनबाईंनी आतल्या बाकाची फळी उचलली. खाली पाइप आणि तारा एकमेकांत गुंतल्या होत्या. काकूंना ते पाहूनच हात टेकावेसे वाटले.

“घाबरू नका. घरात नळ सोडला की पाणी येतं, कारण गच्चीवर टाकी असते. इथं टाकी पायाखाली आहे. पाणी आपण होऊन वर येणार नाही, पंपानं ढकललं तरच येणार. आणि पंपाला वीज कोण देतं? ही बॅटरी. तिच्यावरच दिवे. दिवा जळतोय, म्हणजे बॅटरी धडधाकट आहे. मग पंप का रुसला?”

“का?”

“तेच तर. प्रत्येकाचा फ्यूज वेगळा. हा दिव्यांचा. हा पंपाचा...” त्यांनी फ्यूजच्या डबीचं झाकण काढलं. “पंपाचा फ्यूज नाहीच आहे इथं.”

“जळला?”

“जळला तर जागेवर राहतो. हा काढलाय.” त्यांनी आपल्या खिशातून नखाएवढा लाल फ्यूज काढून खाचेत दाबला. मग हात आणखी खाली घातला आणि हसल्या. “आणि टाकीला भोकबीक काही नाही, काकू. टाकी रिकामी करायचा कॉक सताड उघडा आहे. दिवसभर भराल, तरी चाळणीत पाणी.”

कॉक बंद झाला. काकूंनी बाहेरच्या नळाचा पाइप लावला. टाकी भरत आली तशी पंपानं गुरगुर सुरू केली आणि एकदम सगळीकडून पाणी फुटलं: मोरीत, बेसिनमध्ये, न्हाणीच्या फवाऱ्यातून. सगळेच नळ पूर्ण उघडे होते. काकू भिजल्या, धावत सुटल्या, एक बंद करेपर्यंत दुसरा सापडेना. कितीतरी दिवसांनी त्या मोठ्यानं हसल्या. उद्या लेक येईल, नळ सोडून बघेल आणि तोंड मिटून परत जाईल. त्यांनी वळून काकांकडे पाहिलं. काका टेबलाकडे बघत होते.

“आता बंद करायची रीतही शिकून घ्या,” वायरमनबाई हात पुसत म्हणाल्या. “इथल्या कडाक्याच्या थंडीत गाडी ठेवून जायचं असलं, तर पाणी आत राहता कामा नये. गोठलं की पाइप फुटतात. आधी टाकीचा कॉक उघडायचा, पाणी जाऊ द्यायचं. मग सगळे नळ उघडे ठेवायचे, पाइपात अडकलेलं थेंबथेंब निघून जातं. मग पंपाचा फ्यूज काढायचा, कुणी चुकून कोरडा चालवू नये म्हणून. फ्रिज बंद करून दारात फडकं कोंबायचं, नाहीतर आत बुरशी येते. असं काय बघताय? कळलं ना?”

“कळलं,” काकू म्हणाल्या. “पुढे सांगा.”

“पुढे काय, शेवटचं. बाहेरच्या खांबाची केबल काढायची आणि बॅटरीची काळी तार सोडवायची. नट घट्ट असतो, एका हातानं तार धरायची, दुसऱ्यानं पाना. तेवढं एक दोन हातांचं काम. बाकी सगळं एका हातानं होतं.”

वायरमनबाई गेल्या. दार लागल्याचा आवाज झाला, तरी काकू बाकापाशी तशाच उभ्या राहिल्या. केसांतून पाणी निथळत होतं.

“तुम्ही केलंत?”

काकांनी डावा हात सदऱ्याच्या खिशात घातला. बराच वेळ बोटं आत चाचपडली. मग त्यांनी टेबलावर एक लाल फ्यूज ठेवला आणि तो बोटानं काकूंकडे सरकवला.

काकूंना राग आला. काकू बाहेरच्या नळावर कपडे धूत असताना, बादल्या वाहत असताना, हा माणूस काठी टेकत घरभर फिरून एकेक गोष्ट बंद करत होता. अगदी क्रमानं. आणि काकू त्याच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून रात्री तोंड दाबून रडत होत्या.

“तिथं तुम्ही एकटे असाल,” त्या म्हणाल्या. “मी नसेन तिथं. हे कळतंय का तुम्हाला?”

काकांनी काकूंच्या हातावर हात ठेवला, मग बाही हळूच वर सारली. डाग आता कडेनं पिवळा पडत होता. त्यांचं तोंड वाकडं झालं. रडू त्यांना आता असंच, अर्ध्याच चेहऱ्यानं येत असे.

पाणी चालू होतं. फ्यूज खाचेत होता. कॉक काकांच्या हाताला लागणार नाही असा तारेनं बांधून टाकता आला असता. आता काकूंना सगळं कळत होतं. उद्या लेकीला परत पाठवता आलं असतं. आणि परवा काकांना पुन्हा न्हाणीतून उचलावं लागलं असतं. सामान भरलं तर ते टळणार होतं. हे मनात आलं आणि काकूंना क्षणभर हायसं वाटलं, आपण सुटलो असं. त्या हायसं वाटण्याची त्यांना मरणाची लाज वाटली. ती लाज जन्मभर पुरणार होती.

त्या खाली बसल्या आणि त्यांनी कॉक उघडला. गाडीखाली मातीवर पाणी पडायला लागलं. मग उठून त्यांनी एकेक नळ सोडला आणि पंपाचा फ्यूज काढून टेबलावरच्या फ्यूजशेजारी ठेवला. बाहेर जाऊन खांबाची केबल काढली, नीट गुंडाळून आणली. दिवा अजून जळत होता.

पाना हत्यारांच्या पेटीत वरच होता. कुणीतरी तो आधीच काढून ठेवलेला दिसला. त्यांनी बॅटरीवर वाकून तो नटाला लावला, पण नट हलेना आणि तार हातातून निसटत राहिली. काठीचा आवाज आला. काका भिंतीला रेलत रेलत आले, बाकाच्या कडेवर टेकले आणि डाव्या हातानं त्यांनी काळी तार घट्ट धरली.

काकूंनी दोन्ही हातांनी पाना फिरवला. दिवा गेला.

 मग काकू उठल्या. त्यांनी फ्रिजमधलं दूध ओतून दिलं, आतून कोरडं पुसलं, रुमालाची घडी केली आणि ती दारात नीट बसवली. मग कपांसाठी जुने कागद शोधू लागल्या. या वेळी कप दोघांचे वेगळे, दोन टोपल्यांत भरायचे होते.